अक्का, तुझी आयव्ही माझ्याकडे आहे

अक्का, तुझी आयव्हीची वेल मी कुणाला विचारून आणली नाही. तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या रोह्याच्या स्वयंपाकघरात भांडी पुसून मांडणीवर लावत होते, तेवढ्यात गॅलरीतून दादांचा आवाज आला, "हिचं काय करायचं?" मला वाटलं, माझ्याबद्दलच विचारतायत. जाऊन बघते तर त्यांच्या हातात ती कुंडी. खाली घंटागाडी येऊन थांबली होती.

"मेली ती," दादा म्हणाले. "देऊन टाकतो."

"नाय मेली. द्या इकडं."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, मलाच ठाऊक नाही. वेलीला सात की आठ पानं उरली होती, तीही कडेनं करपलेली. बाकी सगळ्या नुसत्या काड्या. आणि तुला तर माहीतच आहे, सव्वीस वर्षांच्या संसारात मी दादांसमोर, माझ्या थोरल्या दिरांसमोर, कधी आवाज काढला नव्हता. थोरली जाऊ असून डोक्यावरचा पदर तू काढायला लावलास, तुला 'तुम्ही' म्हणायचे ते 'तू' करायला लावलंस, पण दादांशी बोलताना नजर खाली ती खालीच. त्या दिवशी मात्र मी त्यांच्या हातातून कुंडी अक्षरशः ओढून घेतली. ते रिकाम्या हातांकडे बघत उभे राहिले.

एसटीत कुंडी मांडीवर घेऊन बसले. खांब गावाच्या पुढे हायवेचं काम चाललेलं, सगळी धूळ खिडकीतून आत. मी पदर काढून वेलीवर धरला. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "मावशी, मेलेलं झाड घेऊन कुठं चाललाव?"

"मेलेलं नाय. आजारी हाय."

"मग दवाखान्यात न्या की," म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. दवाखाना! चार महिने आपण सगळ्यांनी तेच तर केलं होतं. दर आठवड्याला मी पेणहून यायचे, तुझ्या उशाशी बसायचे आणि तू विचारायचीस, "गो, माझ्या वेलीकडे कोण बघतंय?" मी म्हणायचे, "मस्त आहे, पार गजाच्या वर गेलीय." एकदाही गॅलरीत जाऊन बघितलं नव्हतं मी. तुझ्याशी खोटं बोलले, ते असं सहज, पाणी दिल्यासारखं.

पेणला रामवाडी स्टँडवर उतरले, मिनीडोर रिक्षा धरली आणि गागोद्याच्या रस्त्याला लागले तेव्हा माझं ठरलं होतं. ही जगवायची. का, ते कुणाला सांगितलं नाही. आज तुला सांगते.

या वेलीवरून आपला वाद किती जुना! तू वाईची. पाचगणीच्या नर्सरीतून हिचं रोप आणलंस आणि रोह्याच्या उकाड्यात लावलंस. मी म्हणायचे, थंड हवेची ही विलायती बाई इथं कशाला नांदेल? तू म्हणायचीस, "मी नाही नांदले?" टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली तू, 'बोला, रोहा' म्हणून ज्या आवाजात समोरच्याला गप्प करायचीस, तोच आवाज घरातही लावायचीस. मी म्हणायचे, पाणी घाल जरा, माती किती सुकलीय. तू म्हणायचीस, "रंजना, तुमचा वाल भातकापणीनंतरच्या ओलीवर आणि दवावर येतो. त्याला कोण पाणी घालतं? मग माझ्या वेलीलाच रोज तहान लागते होय?" आणि मातीत पेरभर बोट खुपसून दाखवायचीस. आत ओल लागली तर पाणी नाही. तुझा तो हट्ट मला फाजील वाटायचा. शेतकऱ्याच्या घरात पडलेली मी, आणि मला झाडाचं शिकवणारी तू, खुर्चीवर बसून बटणं दाबणारी!

हा वाद गमतीचा होता. दुसरं जे आहे ते गमतीचं नाही.

तुझ्याकडचं हळदीकुंकू. प्राची, माझी मुलगी, तेव्हा तुझ्याकडे राहून कॉलेज करत होती. बारा-पंधरा बायका हॉलमध्ये बसलेल्या. वेल गॅलरीतून खिडकीच्या गजावरून आत, पार पडद्याच्या पेल्मेटपर्यंत गेली होती, हिरव्या पानांना पांढरट कडा, खरंच देखणी दिसत होती. शेजारची कुणीतरी म्हणाली, "किती छान ठेवलीय हो!" आणि मी, सगळ्यांना हसवायचं म्हणून, म्हटलं, "छान कसली! ना फूल ना फळ, नुसता पसारा. अशा झाडाला पाणी घालायचं म्हणजे फुकटची हौस."

कुणी हसलं नाही. मला कळेचना, का हसत नाहीत. तू तिळगुळाचं ताट घेऊन उभी होतीस. म्हणालीस, "हिरवं दिसतं ना गो, तेवढं पुरे." आणि पुढच्या बाईच्या हातावर तिळगूळ ठेवलास.

माझ्या डोक्यात उजेड पडला तो परतीच्या एसटीत. तुला मूल झालं नाही म्हणून सासूबाईंनी काय काय ऐकवलं होतं, ते मी माझ्या कानांनी ऐकलेलं. आणि माझीच मुलगी तुझ्या घरी, तुझ्या हातचं जेवून, तुझ्या पलंगावर झोपत होती. मी गाडीतच तोंडावर हात ठेवला. फोन करावा, माफी मागावी. पण काय म्हणून मागणार? म्हणजे तो विषय पुन्हा काढणार? तू विसरलीही असशील. असं म्हणत म्हणत किती वर्षं गेली बघ. तुझ्या उशाशी बसून चार महिने वेलीबद्दल खोटं बोलले, आणि हे एक खरं तेवढं बोलायचं राहिलं.

तर, कुंडी घरी आणली. अंगणात ठेवून नीट बघितली. पानांच्या मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे आणि त्यात हलणारे ठिपके. ही झाली एक कीड. मग कुंडीच्या कडेला पांढरी खरपुडी दिसली. मातीवरही तसाच थर. बोटानं खरवडून जिभेला लावलं.

अक्का, मी मिठागराच्या कडेला वाढलेली. मला जे कळलं ते कुठल्या नर्सरीवाल्याला कळलं नसतं. मीठ होतं ते. तुमच्या सोसायटीच्या बोअरचं मचूळ पाणी. तू पिण्याच्या पाण्यातलं उरलेलं, तेही आठवड्यातून दोनदा घालायचीस. तू अंथरुणाला खिळलीस आणि दादांनी काम हातात घेतलं. बोअरची बादली भरलेली, तांब्या तयार, दादा गॅलरीकडे जाताना मला दिसायचे. सकाळी एक, संध्याकाळी एक. खालच्या ताटलीत पाणी साचलेलंच असणार.

मी लहान असताना आमच्या खाडीच्या बांधाला एकदा उधाणात खांड पडली, आणि समुद्राचं पाणी भातशेतात शिरलं. दुसऱ्या वर्षी रोपं टाकली ती पिवळी पडून जळाली. काका, शेजारी, सगळे म्हणाले, गेली जमीन, सोडा आता. माझा बापूस दिवसा मिठागरावर राबायचा आणि संध्याकाळी शेतात जायचा. पावसाचं पाणी शेतात अडवायचा, चार दिवस मुरू द्यायचा, मग बांधाची उघाडी, म्हणजे झडप, उघडून सगळं खाडीत सोडून द्यायचा. पुन्हा अडवायचा, पुन्हा सोडायचा. मी विचारलं होतं, "असं किती वेळा करायचं?" तर म्हणाला, "खारं पानी भांडून नाय जात गो बाय, गोडं पानी घालून जातं." तिसऱ्या वर्षी भात आलं. थोडंच आलं, पण आलं.

म्हणून मी तेच केलं. आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे. कळशी भरून आणली आणि कुंडीत सावकाश ओतली, खालून पाणी निथळून जाऊ दिलं, पुन्हा ओतली. पाच वेळा. हे घरी आले, चप्पल काढता काढता म्हणाले, "काय गो, वालाची झोडणी पडलीय आणि तू काय न्हाऊ घालतेस?"

"अक्काची वेल हाय."

ते कळशी उचलून विहिरीवर गेले आणि भरून आणली.

पण मी घाई केली होती, अक्का. तीन दिवसांत आणखी चार पानं गळाली. प्राचीला फोन केला, तर तिनं पुण्याहून मोबाईलवर कसलेकसले व्हिडिओ पाठवले आणि म्हणाली, "मम्मी, बाहेर काढून मुळं बघ आधी." कुंडी उपडी केली. माती चिखलासारखी गचकन पडली आणि वास आला, कुजकट, तुंबलेल्या गटारासारखा. मुळं तपकिरी, हातात घेतली की साल निघून यायची. मीठ धुतलं खरं, पण तिच्या पायाखालची जमीनच कुजली होती, आणि वर मी आणखी पाच कळश्या ओतल्या होत्या.

मी पायरीवर बसले आणि रडले. तू गेलीस तेव्हा नव्हते रडले. तेव्हा पाहुण्यांचा चहा, दादांच्या गोळ्या, गुरुजींना लागेल ते सामान, यातच होते. त्या घाण वासाच्या मातीत हात घालून मात्र अर्धा तास रडले. मग उठले, कात्री गॅसवर तापवली आणि कापायला बसले.

कुजलेलं एकेक मूळ कापलं. पांढरी, टणक अशी चार-पाच मुळं राहिली, शेवयांएवढी. मोठी कुंडी बाजूला केली, कारण एवढ्याशा मुळांना एवढी माती म्हणजे पुन्हा पाणी साचणार. लहानसं मडकं घेतलं, बुडाला भोकं पाडली. शेतातली माती, थोडी वाळू, जुना शेणखताचा चुरा आणि नारळाच्या सोडणाचा बारीक केलेला काथ्या. साबणाच्या पाण्यानं पानं मागून-पुढून पुसली, तापलेल्या लेकराला पुसावं तशी, दर तीन दिवसांनी, तीन आठवडे. ज्या काड्या अजून आतून हिरव्या होत्या त्यांचे वीतभर तुकडे केले. सात निघाले. तेही ओलसर वाळूत खोचले.

मग जागा. आधी ओटीवर ठेवली तर दुपारच्या झळेनं दोन दिवसांत पानं कुरकुरीत झाली. माजघरात ठेवली तर अंधार. शेवटी मोरीच्या खिडकीत जागा मिळाली. उत्तरेकडची खिडकी, ऊन येत नाही पण उजेड भरपूर, आणि दिवसभर पाण्याचा गारवा. तुझी पाचगणी आमच्या मोरीत निघाली, अक्का. तू असतीस तर हसत सुटली असतीस.

आणि मी बोट खुपसायला शिकले. रोज सकाळी पेरभर बोट. ओल लागली तर हात मागे. तुला सांगते, पाणी घालण्यापेक्षा न घालणं जड जातं. तांब्या हातात असतो, माती वरून सुकलेली दिसते, आणि मन म्हणतं, घाल थोडं, काय होतंय! नाही घातलं. तुझा वाद मी असा हरले, दररोज, एकटी, मोरीत उभी राहून.

शिमग्यापर्यंत सातातल्या चार काड्या काळ्या पडल्या. मूळ वेलीची सगळी पानं गेली, एकही राहिलं नाही. हे म्हणाले, "आता सोड." मी म्हटलं, "काडी नखानं खरवडली तर अजून हिरवी हाय." रोज नाही खरवडायची हेही मग शिकले, कारण नखं लावून लावूनच मेली असती.

याच दिवसांत मी दादांना रोज संध्याकाळी फोन करायला लागले. आधी यांनी चार वेळा केला होता, तर दादा "हं, बरं" म्हणून ठेवून द्यायचे. प्राचीनं केला तर रडायचे. डबा लावून दिला होता, तो अर्धा परत जायचा. म्हणून मी फोन लावायला लागले. मला तरी त्यांच्याशी काय बोलायचं ते कुठं ठाऊक होतं? सव्वीस वर्षांत 'चहा ठेवलाय', 'गाडी आली', याच्या पलीकडे आम्ही बोललो नव्हतो. म्हणून वेलीचं सांगायचे. आज कीड दिसली नाही. आज एक काडी काळी पडली. आधी नुसतं "हं". मग एके दिवशी त्यांनीच विचारलं, "आज काय म्हणते?"

गुढीपाडव्याच्या आधी, वालाच्या शेंगा झोडून झाल्या त्या आठवड्यात, मूळ वेलीच्या बुडाशी तिळाएवढा एक कोंब दिसला. चष्मा लावून बघितलं. प्राचीला फोटो पाठवला, ती म्हणाली, मम्मी, यात काही दिसत नाही. पण होता. आणि वाळूतल्या तीन काड्या ओढून बघितल्या तर सुटेनात. मुळं धरली होती.

दादांना सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी येतो."

खरंच आले. एरवी रोह्याबाहेर न पडणारा माणूस, एसटीनं, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. तुझ्यामागे पहिल्यांदाच तो शर्ट अंगात होता. चहा घेतला नाही, आधी मोरीत गेले. मडक्यासमोर वाकून उभे राहिले. कोंबाची तोवर दोन पानं झाली होती, उंदराच्या कानाएवढी.

"काय झालं होतं हिला?" त्यांनी विचारलं.

"कीड पडली होती."

"मी पाणी घालत होतो गो. एक दिवस चुकलो नाय. ती बघायला सांगायची, म्हणून सकाळ-संध्याकाळ..."

"पाण्याचं काय नाय, दादा. कीडच होती."

खोटं बोलले. पण हे खोटं तुला आवडलं असतं, असं मला वाटतं.

मग ओटीवर बसलो. हे शेतावर गेलेले. माझ्या मनात आलं, आता नाही तर कधीच नाही. नजर खाली न घालता मी त्यांना सगळं सांगितलं. ते हळदीकुंकू, माझं ते बोलणं, ना फूल ना फळ. म्हटलं, "अक्काची माफी मागायची राहिली माझी."

दादा समोरच्या आंब्याकडे बघत होते. म्हणाले, "तिला लागलं होतं."

ते माझ्याकडे वळले.

"लय लागलं होतं. आठ दिवस नीट जेवली नाय. मी म्हटलं, फोन करून सांगू का रंजनाला? तर म्हणाली, खबरदार. नवव्या दिवशी स्वतःच म्हणाली, लावा फोन. म्हटलं, भांडणार? म्हणाली, नाय, बिरडं करायचंय."

तो फोन मला आठवला, अक्का! दुपारी केला होतास. विचारलंस, "रंजना, बिरड्याला वाल किती वेळ भिजवायचे गं?" मी सांगितलं, एक रात्र भिजवून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून सोलायचे. आणि मग आपण अर्धा तास गप्पा मारल्या. फोन ठेवल्यावर मला नवल वाटलं होतं, पंचवीस-तीस वर्षं बिरडं करणारी बाई हे विसरली कशी? वाटलं, वय झालं.

तू विसरली नव्हतीस. तुला बोलायला निमित्त हवं होतं, आणि तू माझ्या शेतातलं निवडलंस.

मी उठून आत गेले. तोंड धुतलं. अक्का, चुकले मी. आता तू नाहीस, म्हणून हे सोपं झालंय असं नाही. उलट, तू 'जाऊ दे गो' म्हणशील याची आता सोय नाही. ते तसंच राहणार माझ्याजवळ, आणि राहू दे. पण तू आठ दिवस अर्धपोटी राहून नवव्या दिवशी जे केलंस, ते मला जमायला पाहिजे, एवढं मी ठरवलंय.

दुपारी दादा पोटभर जेवले. भात दोनदा घेतला. निघताना मी मूळ धरलेल्या काडीचं एक मडकं त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "ही घेऊन जा." ते मागे सरकले. "नको, नको. माझ्याच्यानं व्हायचं नाय."

"होईल. बोअरचं घालायचं नाय, पिण्याचं घालायचं. आणि बोट घालून बघायचं, आत ओल असली तर घालायचंच नाय."

दादांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे मी ते घालत होतो..."

"जुन्या कुंडीचं वेगळं होतं, दादा."

त्यांना कळलं, अक्का. तुझा नवरा साधा आहे, पण खुळा नाही. मला वाटलं, आता मडकं ठेवून तसेच निघून जातील, आणि पुन्हा 'हं, बरं' वर येतील. मी घाबरून बोलत सुटले. म्हटलं, वैशाखाचं ऊन पुढे आहे, नाजूक जात आहे, एखादी जाईलसुद्धा, त्यात कुणाचा दोष नसतो.

दादा खाली वाकले. मडकं कापडी पिशवीत ठेवलं, भोवती वर्तमानपत्र खोचलं, हलत नाही ना ते बघितलं. मग पिशवी छातीशी धरून म्हणाले, "गेली तर येन दुसरी न्यायला. तू लावत ऱ्हा."

आज सकाळी वाढलेल्या वेलीच्या आणखी चार काड्या लावल्यात, अक्का.